मोलोकाईचे फादर डेमियन

एका रोमन कॅथलिक पाद्र्याचे चरित्र आमच्या पत्रात कशासाठी, असे आमच्या कित्येक वाचकांच्या मनात येईल, आणि ते येणे साहजिक आहे. मेलेल्या संतांपाशी मध्यस्थी मागणे, त्यांच्या अस्थींस मान देणे, ह्या गोष्टींना पवित्र शास्त्रात आधार नाही असे आम्ही मानतो, आणि ते मत आम्ही सोडलेले नाही. तथापि ज्या पुरुषाची हकीकत आज आम्ही देत आहो, त्याच्या बाबतीत आम्हा प्रॉटेस्टंट लोकांच्या अंगावर एक जुने ऋण आहे. मराठी मंडळ्यांसही ते अगदीच परके नाही. कसे, ते पुढे येईल.

फादर डेमियन ह्यांचे मूळ नाव योसेफ द व्हूस्टर. बेल्जियम देशातील ट्रेमेलो ह्या खेड्यात ३ जानेवारी १८४० रोजी त्यांचा जन्म झाला. बाप शेतकरी असून धान्याचा व्यापार करी. मुलाने हाच धंदा चालवावा म्हणून बापाने त्यास फ्रेंच भाषा शिकावयास पाठविले. परंतु थोरला भाऊ लूव्हेन येथे एका धर्मसंघात गेला होता. त्याच्यामागून हाही १८५९ साली तेथे गेला व त्याने डेमियन हे नाव घेतले. लॅटिन येत नसल्यामुळे वरिष्ठ त्यास पाद्री करण्यास राजी नव्हते. ती भाषा भावाने त्यास फावल्या वेळी शिकविली. अंगाने धट्टाकट्टा, हाताने काम करणारा आणि बोलण्यात रांगडा असा हा तरुण होता. पुढील आयुष्यात त्यास लॅटिनपेक्षा करवत व हातोडा ह्यांचाच उपयोग अधिक झाला.

१८६३ साली थोरल्या भावाची नेमणूक हवाई बेटांवर झाली, आणि ऐन वेळी तो टायफस तापाने अंथरुणास खिळला. धाकट्याने जवळच्या वरिष्ठांस न विचारता थेट पॅरिसच्या मुख्यांस पत्र लिहून भावाची जागा मागितली, व ती त्यास मिळाली. कोणास न विचारता पुढे होण्याची ही खोड त्यांच्यात शेवटपर्यंत राहिली.

आता हवाई बेटांविषयी थोडे सांगितले पाहिजे. ही बेटे प्रशांत महासागराच्या मध्यावर असून त्या काळी तेथे देशी राजे राज्य करीत होते. तेथे शुभवर्तमान प्रथम नेले ते अमेरिकन बोर्डाच्या मिशनऱ्यांनी, १८२० साली. हेच ते बोर्ड, ज्याचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईस उतरले, आणि ज्याच्या अमेरिकन मराठी मिशनातून अहमदनगर, सोलापूर, सातारा ह्या भागांतील मंडळ्या उभ्या राहिल्या. म्हणजे हवाईची मंडळी व आपल्याकडील पुष्कळ मंडळ्या एकाच आईच्या लेकी होत. त्या मिशनऱ्यांनी हवाई भाषेस लेखी रूप दिले, शाळा काढल्या आणि १८३९ साली संपूर्ण बायबल त्या भाषेत पुरे केले. हे सर्व भूषणावह आहे. परंतु १८२७ साली कॅथलिक मिशनरी आले, तेव्हा आमच्या लोकांच्या सल्ल्याने चालणाऱ्या सरदारांनी त्यांस १८३१ साली बेटांबाहेर घालविले आणि कॅथलिक झालेल्या देशी लोकांस कैदेत टाकले. १८३९ साली फ्रेंच लढाऊ जहाज बंदरात उभे राहिले, तेव्हा कोठे त्यांस मोकळीक मिळाली. हे वैर दोन्ही पक्षांनी पुढच्या पिढीच्या हाती सोपविले.

डेमियन १९ मार्च १८६४ रोजी होनोलुलूस पोहोचले व दोन महिन्यांनी त्यांस पाद्रीपद मिळाले. पुढली नऊ वर्षे त्यांनी हवाई नावाच्याच मोठ्या बेटावर ज्वालामुखीच्या मुलखात काढली. घोड्यावरून, पायी, कधी होडीतून ते फिरत, आणि लहान लहान देवळे स्वतःच्या हातांनी बांधीत. खेड्यापाड्यांत काम करणाऱ्या आमच्या उपदेशकांस हे जिणे ओळखीचे वाटेल. एवढेच असते तर त्यांचे नाव आज कोणास ठाऊकही नसते.

ह्याच काळात त्या बेटांवर महारोग फैलावत होता. परदेशी जहाजांबरोबर आलेल्या देवी, गोवर वगैरे रोगांनी देशी लोक आधीच खंगले होते. १८७२ च्या खानेसुमारीत बेटांवर सारी मिळून सुमारे ५७,००० माणसे उरली होती. १८६५ साली राजाच्या सरकारने कायदा केला की, महारोग्यांस धरून वेगळ्या ठिकाणी ठेवावे. त्यासाठी मोलोकाई बेटाच्या उत्तरेची कलावाओ ही जागा निवडण्यात आली. वाचकांनी सह्याद्रीचा एखादा उभा कडा डोळ्यांपुढे आणावा, आणि त्याच्या पायथ्याशी समुद्रात शिरलेली जमिनीची एक जीभ. तीन बाजूंस खवळलेले पाणी, चौथ्या बाजूस सुमारे २००० फूट उंचीचा कडा. जानेवारी १८६६ मध्ये पहिले रोगी तेथे उतरविण्यात आले. आईपासून मूल, नवऱ्यापासून बायको तोडली जाई. म्हणून हवाई लोकांनी ह्या रोगास ताटातूट करणारा रोग असे नाव दिले. घरची माणसे रोग्यांस रानात, गुहांत लपवीत. कित्येक निरोगी नवरे व बायका आपल्या माणसाबरोबर आपखुशीने त्या जागी गेल्या. त्यांस तेथे कोकुआ, म्हणजे साहाय्य करणारे, असे म्हणत. ह्या कोकुआंची नावे फारशी कोणी लिहून ठेवली नाहीत.

आणखी एक गोष्ट आमच्या वाचकांनी विशेष ध्यानात धरावी. कलावाओ येथे पहिली ख्रिस्ती मंडळी स्थापन झाली ती कोणा मिशनऱ्याने केली नाही. १८६६ सालीच पस्तीस प्रॉटेस्टंट रोग्यांनी एकत्र येऊन आपली मंडळी उभी केली, आणि १८७१ साली त्यांचे लहानसे उपासनामंदिर तयार झाले. आंधळ्याने ज्यात डोळे धुतले त्या शिलोह तळ्यावरून त्यांनी त्यास सिलोआमा असे नाव दिले. ज्यांची बोटे झडली होती अशांनी ही मंडळी चालविली. देशी पाळक तिकडे जात. गोरे मिशनरी भेटीस येत, पण राहावयास कोणी आला नाही.

१८७३ च्या मे महिन्यात कॅथलिक बिशप मेग्रे ह्यांनी आपल्या पाद्र्यांपुढे हा प्रश्न ठेवला. आज्ञा करून कोणास तेथे धाडण्याचे त्यांच्या जिवावर येत होते. चार तरुण पाद्री पाळीपाळीने जाण्यास तयार झाले. पहिली पाळी डेमियन ह्यांनी मागून घेतली. १० मे १८७३ रोजी बिशप स्वतः त्यांस घेऊन गेले. त्याच जहाजात सुमारे पन्नास नवे रोगी होते. डेमियन तेव्हा तेहतीस वर्षांचे होते. राहावयास घर नव्हते, म्हणून सुरुवातीच्या रात्री त्यांनी देवळाशेजारी केवड्याच्या जातीच्या एका झाडाखाली काढल्या. पाळी बदलण्याची वेळ पुढे आलीच नाही.

त्या वसाहतीत तेव्हा सहाशेंहून अधिक रोगी होते. सरकार शिधा व कपडे पाठवी, परंतु ते पुरत नसत. राहणारा डॉक्टर नव्हता. गवताच्या ओल्या झोपड्यांत माणसे जमिनीवर पडून असत; कित्येक एका मुळाची दारू गाळून पीत. सशक्त रोगी अशक्तांचे कपडे हिरावून घेत. मेलेल्यांस चादरीत गुंडाळून उथळ खड्ड्यात पुरीत व डुकरे माती उकरीत. डेमियन ह्यांनी पहिल्या प्रथम स्मशानभूमीस कुंपण घातले आणि शवपेट्या करण्यास आरंभ केला. जखमांची दुर्गंधी त्यांस सहन होत नसे. ती झाकावी म्हणून ते चिलीम ओढू लागले. पुढे तोच पुरुष हातांनी जखमा धुऊ लागला, सडलेली बोटे कापू लागला. त्यांनी डोंगरातल्या झऱ्याचे पाणी नळांनी वस्तीपर्यंत आणविले. १८७४ साली वादळाने झोपड्या उडाल्या, तेव्हा सरकारकडून लाकूड मागवून त्यांनी रोग्यांसह जमिनीपासून उंच अशी घरे बांधली. पोरक्या मुलामुलींसाठी वसतिगृहे काढली. वाजंत्री पथक व गायकवर्ग तयार केले. पेटीवर एका माणसाचे उरलेले बोट पुरेना, म्हणून दोघे मिळून वाजवीत असे पाहणाऱ्यांनी लिहून ठेवले आहे.

प्रवचनात पाद्री लोक श्रोत्यांस बंधू म्हणतात. डेमियन ह्यांनी पहिल्याच वर्षी ते टाकून आम्ही महारोगी असे म्हणण्यास सुरुवात केली. स्वतःस रोग जडल्यावर त्यांनी प्रथम तसे म्हटले अशी एक गोष्ट सर्वत्र सांगण्यात येते, पण ती बरोबर नाही; अंग निरोगी असतानाच त्यांनी भावास पत्रातून हे कळविले होते. अळूच्या कंदाचे आंबवलेले पीठ हे तेथील मुख्य अन्न. ते रोग्यांच्याच भांड्यातून ते बोटांनी खात व आपली चिलीम त्यांस ओढावयास देत. हा निष्काळजीपणा होता असे वैद्य म्हणतील, आणि आम्हांसही तसेच वाटते. पण ज्याच्याबरोबर जेवावयाचे नाही त्यास बंधू कसे म्हणावे, हा प्रश्न आमच्या देशात तरी समजावून सांगण्याची गरज नाही.

सरकारने त्यांस वसाहत सोडण्याची मनाई केली होती. एकदा त्यांच्या संघाचे वरिष्ठ जहाजातून किनाऱ्याजवळ आले. कप्तान त्यांस उतरू देईना व डेमियन ह्यांस वर चढू देईना. तेव्हा लहान होडीत उभे राहून, वर जहाजावर लोक ऐकत असता, त्यांनी फ्रेंच भाषेत मोठ्याने आपल्या पापांची कबुली दिली. पाद्र्यापुढे कबुली देण्याचा विधी आमच्यात नाही. तरीही ही हकीकत आम्ही डोळे कोरडे ठेवून वाचू शकलो नाही.

त्यांचे दोष सांगावयाचे राहू नयेत. ते तापट होते. दारू गाळणाऱ्यांच्या अड्ड्यांवर ते काठी घेऊन जात. मदतीस आलेल्या पाद्र्यांशी त्यांचे फारसे पटले नाही. स्वच्छतेकडे लक्ष कमी. परदेशातून देणग्या येऊ लागल्या, तेव्हा सरकारची व आपलीही अब्रू जाते म्हणून त्यांच्याच पंथाचे वरिष्ठ त्यांजवर रुष्ट झाले, आणि त्यांनी त्या रोगी माणसास कठोर पत्रे लिहिली.

१८८४ च्या अखेरीस एके दिवशी त्यांनी पाय कढत पाण्यात ठेवला. कातडी भाजून फोड आले, पण दुखले नाही. त्यावरून त्यांस कळावयाचे ते कळले, आणि होनोलुलूच्या जर्मन डॉक्टरांनी तेच सांगितले. (येथे आमच्या उपदेशकांस आम्ही सुचवितो की, खेड्यात कोणाच्या अंगावर संवेदना नसलेला फिकट वा लालसर चट्टा दिसल्यास त्यास लाज न धरता सरकारी दवाखान्यात न्यावे. औषध फुकट मिळते, सहा महिने ते एक वर्ष घ्यावे लागते, व लवकर घेतल्यास हातापायांस व्यंग राहत नाही.) डेमियन ह्यांच्या काळी असे औषध नव्हते. रोगाचा जंतू नॉर्वेच्या डॉक्टर हॅन्सन ह्यांस १८७३ साली दिसला होता, म्हणजे डेमियन कलावाओस गेले त्याच वर्षी. पण त्यावर खरा उतारा १९४० नंतर सापडला.

शेवटच्या वर्षांत त्यांस साहाय्य मिळाले, आणि त्यातील पुष्कळ प्रॉटेस्टंटांकडून मिळाले हे सांगावयास आम्हांस आनंद वाटतो. लंडनच्या चॅपमन नावाच्या अँग्लिकन पाळकांनी मोठी रक्कम जमवून पाठविली. एडवर्ड क्लिफर्ड हे इंग्रज चित्रकार १८८८ च्या डिसेंबरात गर्जन झाडाचे तेल घेऊन तेथे गेले; ह्या तेलाचा गुण त्यांस आपल्या हिंदुस्थानात कळला होता. तेलाने रोग गेला नाही, पण थोडे दिवस झोप बरी लागली. अमेरिकेचे जोसेफ डटन हे माजी सैनिक, मूळचे प्रॉटेस्टंट, १८८६ साली आले आणि सुमारे चव्वेचाळीस वर्षे तेथेच राबले. १८८८ साली मदर मेरीयान कोप ह्या दोन भगिनींसह आल्या; मुलींची काळजी त्यांनी आपल्याकडे घेतली.

फादर डेमियन १५ एप्रिल १८८९ रोजी पवित्र सप्ताहाच्या सोमवारी वारले. वय ४९ वर्षांचे होते. ज्या झाडाखाली ते पहिल्या रात्री झोपले होते, त्याच झाडाजवळ त्यांस पुरण्यात आले.

आता त्या ऋणाची गोष्ट. डॉ. चार्ल्स हाइड हे आमच्याच अमेरिकन बोर्डाने १८७७ साली होनोलुलूस पाठविलेले गृहस्थ. देशी पाळकांस शिक्षण देण्याचे काम त्यांजकडे होते. कॅलिफोर्नियातील एका पाळकाने डेमियनविषयी विचारले, त्यास २ ऑगस्ट १८८९ रोजी त्यांनी उत्तर लिहिले. त्यात त्यांनी मृतास गलिच्छ, हट्टी व धर्मवेडा म्हटले. तो आज्ञेवाचून तेथे गेला, सुधारणा त्याने केल्या नाहीत तर सरकारने केल्या, स्त्रियांशी त्याचे वर्तन शुद्ध नव्हते, व रोग त्यास त्याच्या दुराचारामुळे जडला, असे लिहिले. पत्र खाजगी होते. ज्यास लिहिले त्याने ते छापविले.

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन ह्या स्कॉच ग्रंथकाराच्या दृष्टीस ते सिडनी येथे पडले. स्टीव्हन्सन प्रेस्बिटेरियन घराण्यात वाढलेले, कॅथलिक नव्हेत. डेमियनच्या मृत्यूनंतर थोड्याच आठवड्यांत ते स्वतः त्या वसाहतीत आठवडाभर राहून आले होते, व डेमियनचे दोष सांगणाऱ्यांचेही त्यांनी ऐकून घेतले होते. खटला झाल्यास आपण भिकेस लागू हे त्यांनी घरच्यांस सांगितले. घरच्यांनी संमती दिल्यावर २५ फेब्रुवारी १८९० रोजी त्यांनी डॉ. हाइड ह्यांस उघड पत्र लिहिले. त्यात त्यांनी एकेक आरोप घेऊन तो तपासला. गलिच्छपणा, हट्ट, धर्मवेड हे त्यांनी मान्य केले. पण सुखवस्तू घरात बसून, ज्या जागी आपण राहावयास गेलो नाही त्या जागी गेलेल्याची निंदा करण्याचा अधिकार कोणी दिला, हा त्यांचा प्रश्न होता. त्या पत्राची भाषा फार जहरी आहे. पुढे स्टीव्हन्सन ह्यांस स्वतःसही ती कठोर वाटली, असे त्यांनी एका पत्रात कबूल केले.

आमचे मत विचाराल तर असे आहे. आज्ञेवाचून गेल्याचा आरोप खोटा. बिशपने स्वतः त्यांस तेथे नेले. सरकारने खर्च केला हे खरे, पण तो करविण्यासाठी मागे लागणारा कोण होता हेही खरे. स्त्रियांविषयीच्या आरोपास कोणी पुरावा दिला नाही. शेजारी राहिलेल्या डटन ह्यांनी डेमियनच्या शुद्धतेची साक्ष दिली. रोग दुराचाराने जडतो ही त्या काळच्या कित्येक डॉक्टरांचीही चुकीची समजूत होती; आज आपण जाणतो की तो तसा जडत नाही, आणि बहुतेक माणसांस तो होतच नाही. डॉ. हाइड दुष्ट नव्हते. त्यांनी पुष्कळ देशी पाळक तयार केले, हवाई मुलांच्या शाळांसाठी झटले, व १८९९ साली वारले. पण त्यांचे नाव जगास ठाऊक राहिले ते त्या एका पत्रामुळे. अशी पत्रे आपणही लिहितो, आणि पंथाचा प्रश्न आला की ऐकीव गोष्ट तपासावयाची राहते. हा आमच्या घरातला दोष आहे, म्हणून आम्ही तो आमच्या पत्रात छापतो.

डेमियनच्या मृत्यूची वार्ता आपल्या देशापर्यंत दुसऱ्या वाटेनेही आली. त्यांच्या स्मरणार्थ इंग्लंडात युवराजांच्या अध्यक्षतेखाली निधी उभा राहिला, आणि त्यातून १८९० साली महारोगाच्या चौकशीसाठी एक मंडळ हिंदुस्थानात आले. रोगाचा संसर्ग लोक समजतात तितका प्रबळ नाही असे त्या मंडळाने कळविले. तरीही १८९८ साली महारोग्यांस धरून आश्रमात ठेवण्याचा कायदा येथे झालाच. तो २०१६ साली रद्द झाला. हवाईत रोग्यांस वेगळे ठेवण्याचा नियम १९६९ पर्यंत चालला. तोवर सुमारे ८,००० माणसे त्या कड्याखाली पाठविली गेली होती. आणि आपल्या ख्रिस्ती लोकांस लागू असलेल्या घटस्फोटाच्या कायद्यात महारोग हे लग्न मोडण्याचे एक कारण म्हणून २०१९ सालापर्यंत होते. ते काढले गेले तेव्हा, आमच्या माहितीप्रमाणे, गावोगावच्या मंडळ्यांत त्याची फारशी चर्चा झाली नाही. कोकुआ बायकांची गोष्ट आम्ही वर मुद्दाम सांगितली ती ह्यासाठी.

१९३६ साली बेल्जियमच्या सरकारने डेमियन ह्यांच्या अस्थी जहाजातून मायदेशी नेल्या. लूव्हेन येथे त्या ठेविल्या आहेत. रोमच्या मंडळीने त्यांस ११ ऑक्टोबर २००९ रोजी संत म्हणून जाहीर केले. त्याआधी १९९५ साली त्यांच्या उजव्या हाताच्या अस्थी कलावाओस परत देण्यात आल्या, आणि तेथील रहिवाशांनी त्या जुन्या थडग्यात पुरल्या. ते थडगे त्यांच्या देवळाच्या अंगणात आहे. तेथून थोड्या अंतरावर, त्याच रस्त्यावर, पस्तीस रोग्यांच्या मंडळीचे सिलोआमा हे उपासनामंदिरही उभे आहे.